पोटातलं जंगल

मॅगझिनच्या मराठी विभागात लेख द्यायचा म्हटलं की आपले विषय ठरलेले असतात. आई, पाऊस, पहिलं प्रेम, होस्टेलची मेस, नाहीतर 'आजचा तरुण आणि देश'. मी यंदा वाघाच्या विष्ठेवर लिहिणार आहे. संपादक मंडळातल्या मित्राला हे सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग म्हणाला, "सर पास करतील का रे?" सरांनी पास केलेलं दिसतंय, कारण तुम्ही हे वाचताय. जेवताना वाचत असाल तर ताट बाजूला ठेवा, नाहीतर अंक बाजूला ठेवा.

सुरुवात आपल्या येडशीपासूनच करतो. डिसेंबर २०२४ मध्ये रामलिंग घाट अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात चक्क पट्टेरी वाघ दिसला. रामलिंग म्हणजे आपल्यासाठी काय, तर श्रावणातली गर्दी, पावसाळ्यातला धबधबा आणि हातातला नारळ पळवणारी माकडं. सगळं अभयारण्य जेमतेम २२ चौरस किलोमीटरचं. तिथं वाघ! अंगावरच्या पट्ट्यांवरून तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा निघाला. म्हणजे साडेचारशे-पाचशे किलोमीटर चालत आलेला. आपल्याला सुट्टीत पुण्याहून यायचं तर रिझर्वेशन लागतं, आणि हा गडी शेतं, रस्ते, कॅनॉल, गावं ओलांडत कुणाला न दिसता इथवर आला. लोकांनी त्याचं नावही 'रामलिंग' ठेवून टाकलं.

टिपेश्वरच्या वाघांना चालायची हौसच दिसते. २०१९ मध्ये तिथूनच निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक तरुण वाघ फिरत फिरत बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला होता. त्याची एकूण चाल तीन हजार किलोमीटरच्या पुढे गेली. लोकांनी त्याला 'वॉकर' म्हटलं.

असो. मूळ मुद्दा वेगळाच आहे. आमचं गाव येडशीपासून फार लांब नाही. त्या वर्षी येळवशीला आम्ही सगळे रानात जमलो होतो. ज्यांना येळवस माहीत नाही (म्हणजे पुण्या-मुंबईकडून आलेले मित्र) त्यांच्यासाठी सांगतो, वेळ अमावस्येला आपल्या भागात अख्खं गाव शेतात जेवायला जातं. कडब्याची कोप, भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यात आंबवलेलं आंबिल. त्या दिवशी कोपीभोवती एकच विषय होता, वाघ. कारण चारच दिवसांपूर्वी तात्यांची, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची कालवड गोठ्याच्या मागं मारलेली सापडली होती. वाघानं मारली की बिबट्यानं, कुणी पाहिलं नव्हतं. पण कालवड गेली ती गेलीच.

तात्या शांत माणूस. पण त्या दिवशी म्हणाले, "धरा की म्हणावं त्याला अन् नेऊन घाला पिंजऱ्यात. त्याला बी आयतं मटण मिळंल, अन् आमाला बी झोप लागंल. काय बिघडलं रे त्यात? तू इंजिनेर व्हायलास नव्हं, सांग की."

मी गप्प बसलो. खरं सांगतो, मलाही त्यात काही बिघडलेलं दिसत नव्हतं. पोटाला वेळेवर, डॉक्टर दिमतीला, शिकाऱ्याची भीती नाही, रस्त्यावर ट्रकखाली यायची भीती नाही. आपल्या होस्टेलपेक्षा बरी सोय. पुढं २०२५ च्या सुरुवातीला त्याला पकडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात नेऊन सोडायचं ठरलं. ताडोबाहून, पुण्याहून पथकं आली, महिनोन्‌महिने रानं धुंडाळली, पण त्या मोहिमेत तो हाती लागला नाही. मी मात्र तात्यांच्या प्रश्नाला धरून बसलो. पिंजऱ्यात घातल्यावर नेमकं काय बिघडतं? उत्तर शोधता शोधता वाघाच्या पोटात शिरलो. हा लेख म्हणजे तात्यांना तेव्हा न दिलेलं उत्तर.

आधी आपल्याच पोटाबद्दल दोन शब्द. तुमच्या-माझ्या शरीरात जेवढ्या स्वतःच्या पेशी आहेत, साधारण तेवढेच, किंबहुना थोडे जास्तच जिवाणू आहेत. २०१६ मध्ये केलेल्या एका हिशेबानुसार सत्तर किलोच्या माणसात सुमारे ३८ लाख कोटी! यातले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. ते फुकट राहत नाहीत. आपल्याला न पचणारा चोथा ते पचवतात, काही जीवनसत्त्वं बनवतात, बाहेरून आलेल्या रोगजंतूंना जागा मिळू देत नाहीत आणि आपल्या प्रतिकारशक्तीला लहानपणापासून शिकवतात. माणसाची स्वतःची जनुकं सुमारे वीस हजार. आतड्यातल्या जिवाणूंची जनुकं २०१० मध्ये युरोपातल्या १२४ माणसांच्या नमुन्यांतून मोजली, तेव्हा ती ३३ लाख भरली. म्हणजे पचनाचा कारखाना आपल्या नावावर असला तरी बहुतेक मशिनरी भाड्याची आहे.

ही मंडळी मोजतात कशी? पूर्वी प्रयोगशाळेत बशीवर वाढवून मोजत. पण पोटातले पुष्कळ जिवाणू हवेतल्या ऑक्सिजननं मरतात, त्यामुळे बशीत दिसायचे ते थोडेच. मग युक्ती निघाली. प्रत्येक जिवाणूत '१६ एस' नावाचं एक जनुक असतं, साधारण पंधराशे अक्षरांचं. त्याचा काही भाग सगळ्यांत सारखा आणि काही भाग ज्याचा त्याचा वेगळा. म्हणजे हजेरीपटावर कॉलेजचं नाव सगळ्यांचं एकच, रोल नंबर मात्र स्वतंत्र. अमेरिकेतले कार्ल वूज यांनी १९७७ मध्ये याच जातीच्या रेणूंची तुलना करून जीवसृष्टीची वंशावळ नव्यानं मांडली होती. आता विष्ठेचा चिमूटभर नमुना घ्यायचा, त्यातला डीएनए काढायचा, हे जनुक वाचायचं आणि कोण कोण हजर आहे त्याची यादी करायची. प्राण्याला हात लावायची गरज नाही. वाघ झोपला असेल तर झोपू द्या, त्यानं सकाळी रस्त्यावर टाकलेलं आपल्याला पुरतं.

यादी झाली की प्रश्न येतो विविधतेचा. आणि इथं मला आनंदाचा धक्का बसला. जिवाणूंची विविधता मोजायला जीवशास्त्रवाले जे सूत्र वापरतात ते आपलंच आहे. क्लॉड शॅनन! १९४८ चा तोच पेपर, तीच एंट्रॉपी, जिच्यासाठी आपण डिजिटल कम्युनिकेशनला रात्री जागवतो. प्रत्येकाचा वाटा पी, त्याला पीच्या लॉगनं गुणा, बेरीज करा, उणे चिन्ह लावा.

मेसचं उदाहरण घेऊ. समजा महिन्यात चार भाज्या आहेत आणि चौघींची पाळी सारखी येते. एंट्रॉपी किती? बरोबर दोन बिट. आता समजा शंभरातल्या ८५ वेळा बटाटा आणि उरलेल्या तिघी पाच-पाच वेळा. गणित करून बघा, ०.८५ बिट येतं. भाज्यांची संख्या दोन्हीकडे चारच, पण दुसऱ्या मेसमध्ये विविधता निम्म्याहून खाली. (हे उदाहरण पूर्णपणे काल्पनिक आहे. मेस सेक्रेटरीनं मनाला लावून घेऊ नये.) पोटातल्या जिवाणूंचंही असंच. नुसत्या जाती किती हे पुरेसं नाही, कुणी एकानंच सगळी जागा बळकावलेली नाही ना, तेही बघावं लागतं.

आता पिंजऱ्याकडे येऊ. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सस्तन प्राण्यांच्या ४१ जाती घेतल्या होत्या. काही नमुने जंगलातले, काही प्राणिसंग्रहालयातले. माकडांचा गट, कुत्रा-लांडग्यांचा गट आणि घोड्यांचा गट यांच्यात पिंजऱ्यातल्या प्राण्यांच्या पोटातली विविधता कमी निघाली. गाय-हरणांचा गट आणि जिराफ यांच्यात तितकी घट दिसली नाही. म्हणजे सगळ्यांना एकच माप लावता येत नाही, हे आधीच कबूल करतो.

त्याच्या आदल्या वर्षी, २०१६ मध्ये, माकडांवरचा एक अभ्यास आला होता. तो वाचून मी खरोखर थोडा वेळ गप्प झालो. व्हिएतनामच्या जंगलात राहणारं डूक नावाचं पानं खाणारं माकड आणि मध्य अमेरिकेतलं हाऊलर माकड. दोघं जगाच्या दोन टोकांना. जंगलात दोघांची पोटं अगदी वेगवेगळी. पण प्राणिसंग्रहालयात ठेवल्यावर दोघांच्या पोटातले मूळचे जिवाणू मोठ्या प्रमाणात नाहीसे झाले आणि त्यांची जागा अशा जिवाणूंनी घेतली जे आपल्या, म्हणजे माणसाच्या पोटात मुख्यत्वे असतात. थोडक्यात, माकड बाहेरून माकडच राहिलं, आतून माणसाळलं. आपण 'माणसाळवणं' हा शब्द किती सहज वापरतो. तो आतड्यापर्यंत खरा असेल असं वाटलं नव्हतं.

मांसाहारी प्राण्यांचं काय? वाघाचं आतडं शेळी-गायीसारखं लांब आणि गुंतागुंतीचं नाही, त्यामुळे त्याच्या पोटातली वस्तीही त्यांच्याइतकी दाट नसते. तरी फरक पडतोच. २०२२ मध्ये कुनोला ज्या नामिबियातून चित्ते आणले, त्याच देशातल्या मोकळ्या आणि पिंजऱ्यातल्या चित्त्यांची तुलना २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. हवामान एकच, प्राणी एकच. पण पिंजऱ्यातल्या चित्त्यांच्या पोटातली जिवाणूंची रचना वेगळी होती आणि रोगाशी संबंध असू शकेल असे जिवाणू जास्त होते. कारणं म्हणून बदललेला आहार आणि आसपासच्या कुत्र्या-मांजरांचा संपर्क यांच्याकडे बोट दाखवलं गेलं.

आहाराची गोष्ट सोपी आहे, पण आपल्या लक्षात येत नाही. रानातला वाघ मटण खात नाही, तो जनावर खातो. कातडी, केस, कूर्चा, हाडं, आतडी, सगळं. केस आणि कूर्चा पचत नाहीत, पण मोठ्या आतड्यात ते आपल्या भाकरीतल्या कोंड्याचं काम करतात. पिंजऱ्यातल्या चित्त्यांना एकदा नुसतं गोमांस आणि एकदा अख्खा ससा देऊन पाहिला. सशावर असताना आतड्यात सडण्याच्या क्रियेतून होणारे घातक पदार्थ कमी झाले. म्हणजे तात्या म्हणतात ते 'आयतं मटण' हीच अडचणीची सुरुवात आहे. त्याच्या जोडीला औषधं, धुतलेली फरशी, मातीचा आणि पाणवठ्याचा तुटलेला संबंध, वर्षानुवर्षं तोच एक शेजारी. नवा जिवाणू यायचा कुठून?

इथं कुणी म्हणेल, "बरं मग? विविधता कमी झाली म्हणून वाघ मेला का? पिंजऱ्यातले प्राणी कित्येकदा जंगलातल्यांपेक्षा जास्त जगतात." खरं आहे. कमी विविधता म्हणजे आजार, असं सरळ समीकरण नाही. पिंजऱ्यातच जन्म काढायचा असेल तर कदाचित फारसं अडणारही नाही. अडतं ते परत सोडायच्या वेळी, आहार बदलायच्या वेळी, किंवा नवा रोग आला त्या वेळी. बॅकलॉग असलेल्या मुलासारखं. रोजच्या रोज काही कळत नाही, कॅम्पसला कंपनी आली की कळतं.

हे पटत नसेल तर वाघ सोडा, शेळीकडे या. उस्मानाबादी शेळी. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये धाराशिव झालं, पण शेळीचं नाव उस्मानाबादीच राहिलं. मी आठवीत होतो तेव्हा तात्यांच्या एका शेळीनं रात्रीत ज्वारीचं पोतं फोडलं आणि पोट फुटेस्तोवर ज्वारी खाल्ली. सकाळी शेळी आडवी. पोट टम्म, रवंथ बंद, डोळे खोल. अचानक एवढं धान्य पोटात गेलं की तिथले आम्ल करणारे जिवाणू भसाभस वाढतात आणि चारा पचवणारे मरतात. गुरांच्या डॉक्टरांनी सोडा पाजला, सलाईन लावलं. मग म्हणाले, दुसऱ्या धडधाकट जनावराच्या पोटातलं पाणी लागेल. नळी घालून ते काढलं आणि या शेळीला पाजलं. मला तेव्हा किळस आली होती. पण तिसऱ्या दिवशी शेळी उभी राहिली आणि रवंथ करायला लागली. डॉक्टरांनी तिला औषधाबरोबर जिवाणूंचं बियाणं दिलं होतं, हे मला आत्ता कळतंय.

अशीच गोष्ट देशांच्या पातळीवर झालेली आहे, आणि ती आपल्या बांधावरच्या सुबाभळीची आहे. सुबाभळीच्या पाल्यात मिमोसिन नावाचा पदार्थ असतो. जास्त खाल्ला तर जनावराचे केस गळतात, गलगंड होतो, वजन उतरतं. म्हणून आपल्याकडेही जुनी माणसं म्हणतात, नुसती सुबाभळ टाकू नका. ऑस्ट्रेलियात गुरांना हाच त्रास होत होता. तिथले शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांच्या लक्षात आलं की हवाई बेटांवरच्या शेळ्या सुबाभूळ मनसोक्त खातात आणि त्यांना काही होत नाही. झाड तेच, शेळी तीच, मग फरक कुठं? पोटात. हवाईच्या शेळ्यांच्या पोटात ते विष मोडणारा एक जिवाणू होता. १९८० च्या दशकात तो तिथून नेऊन ऑस्ट्रेलियातल्या शेळ्यांना आणि गुरांना दिला, आणि ती सुबाभूळ पचवायला लागली. १९९२ मध्ये त्या जिवाणूला जोन्स यांच्या नावावरूनच 'सिनर्जिस्टिस जोन्साय' हे नाव मिळालं. एक जिवाणू असणं किंवा नसणं, यावर झाड चारा ठरतं की विष!

आता विचार करा. शेळीला दुसरी शेळी सापडते, कारण शेळ्या ढिगानं आहेत. पण ज्या रानातून शेवटचा प्राणी उचलला, त्याच्या पोटातलं बियाणं कुठून आणायचं? वर्षानुवर्षं पिंजऱ्यात वाढवलेली पिल्लं रानात सोडायची झाली तर त्यांना त्यांच्या आज्या-पणज्यांच्या पोटातले जिवाणू कोण देणार? आपण वाघाचं रक्त जपतो, वंशावळ लिहितो, पट्टे मोजतो. त्याच्या पोटातली पिढ्यान्‌पिढ्यांची इस्टेट मात्र रोज सकाळी पाण्याच्या नळीनं गटारात सोडून देतो.

कुणी म्हणेल, हे सगळं परदेशातलं, आपल्याकडे कोण करणार? तर आपल्या पुण्यात राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे, तिथं सूक्ष्मजीव जतन करून ठेवतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये शेळीच्या पोटातून विनाऑक्सिजन जगणाऱ्या बुरशीची एक नवी प्रजातीच नव्हे, तर नवं कुळनाम जगापुढं मांडलं. आणि २०१२ मध्ये पुण्यातल्याच शास्त्रज्ञांनी आपल्याकडच्या दोन एकत्र कुटुंबांतल्या तीन पिढ्यांच्या पोटातले जिवाणू तपासले होते. एकाच छपराखाली राहणाऱ्या तिघांतही वयाप्रमाणे फरक निघाला. म्हणजे हात आहेत, डोकी आहेत, फ्रीजरही आहेत. नाही ती सवय.

माझं म्हणणं तीन कलमांत मांडतो.

पहिलं. 'धरा आणि पिंजऱ्यात घाला' हा बिनखर्चाचा, बिनपरिणामाचा उपाय आहे असं समजणं बंद करू या. नुसतं उचलून दुसरीकडे सोडणंही सोपं नाही. जुन्नर भागात २००१ ते २००३ या काळात बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले. त्याआधी माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, ते या काळात १७ वर गेले. हे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०११ च्या अभ्यासात आलं आहे. तिथं पोटाचा नाही, डोक्याचा आणि जागेचा प्रश्न होता. पण धडा एकच. प्राणी म्हणजे पार्सल नव्हे. त्याच्याबरोबर त्याचं रान जातं किंवा तुटतं.

दुसरं. जिथं पकडणं टाळताच येत नाही, तिथं पकडल्या दिवशीचा विष्ठेचा नमुना घेणं सक्तीचं करावं, पुढं दर महिन्याला घ्यावा आणि गोठवून ठेवावा. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातली एक वाघीण सह्याद्रीत आणली, ती आधी चांदोलीतल्या कुंपणात ठेवली गेली. अशा प्रत्येक स्थलांतरात पहिल्या दिवसाचा नमुना हा कधी परत न मिळणारा दस्तऐवज असतो. माणिकडोहसारख्या निवारा केंद्रात बिबटे वर्षानुवर्षं राहतात, तिथं तर अशी नोंदवही सोन्याच्या मोलाची ठरेल. आणि जेवणात नुसत्या मांसाऐवजी जमेल तेव्हा कातडी-हाडांसकट द्यावं, हिरवा चारा खाणाऱ्यांना पेंडीपेक्षा झाडपाला जास्त द्यावा. याला फार पैसा लागत नाही.

तिसरं आपल्यासाठी. "हे बायोवाल्यांचं काम" म्हणून पान उलटू नका. लाखो अक्षरांच्या ओळी जुळवायच्या, हे कॉम्प्युटरवाल्यांचं स्ट्रिंग मॅचिंग आहे. लोडशेडिंगमध्ये उणे ८० अंशाचा फ्रीजर चालू ठेवायचा आणि बिघडला तर मोबाईलवर मेसेज पाठवायचा, हे इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सचं मिनी प्रोजेक्ट आहे. वाहतुकीचा पिंजरा असा करायचा की नमुना आपोआप खालच्या ट्रेमध्ये यावा, हे मेकॅनिकलचं. दरवर्षी आपण तेच ट्रॅफिक सिग्नल आणि तेच लाईन फॉलोअर रोबो सबमिट करतो. सरांनाही कंटाळा येतो, ते बोलत नाहीत इतकंच.

आणि हो, जाता जाता आपल्या पोटाकडेही बघा. आपणही एक प्रकारे पकडून आणलेलेच आहोत. कुणी भूम-परंड्याचा, कुणी उमरग्याचा. घरी कडक भाकरी, ताक, ठेचा, पालेभाजी, येळवशीचं आंबिल. इथं रोजचा ठरलेला मेनू आणि रात्री बाराला मॅगी. जरा कणकण आली की मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या, तिसऱ्या दिवशी बरं वाटलं की बंद. त्या गोळ्या रोगजंतूला मारताना पोटातल्या निम्म्या गावालाही उठवतात, आणि अर्धवट कोर्समधून जे उरतात ते औषधाला दाद न देणारे. डॉक्टरांनी दिलेलं औषध जरूर घ्या, पूर्ण घ्या. पण स्वतःच स्वतःचे डॉक्टर होऊ नका. आणि घरून येताना फरसाणाच्या जोडीला शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी आणा. रूममेट शिव्या देणार नाही, उलट तोच संपवेल.

आता शेवटचं. गेल्या येळवशीला मी हे सगळं तात्यांना सांगितलं. ज्वारी खाल्लेल्या शेळीची आठवण दिली, सुबाभळीची गोष्ट सांगितली. तात्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. शेळीचं त्यांना लगेच पटलं. म्हणाले, "व्हय, त्या डागतरानं पोटातलं पाणी पाजलं म्हणून वाचली ती." मग आंबिलाचा तांब्या माझ्याकडं सरकवला आणि म्हणाले, "वाघाचं पोट कळलं बाबा. पण माझ्या कालवडीचं काय? भरपाई आली, नाही म्हणत नाही. पण औंदा ती व्याली असती. त्या दुधाचा हिशोब तुमच्या कागदात कुठं बसतो?"

याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही. वाघाला रानात राहू द्या असं म्हणायचा हक्क मला होस्टेलच्या खोलीत बसून फुकट मिळतो, त्याची किंमत तात्या भरतात. म्हणून माझ्या तीन कलमांच्या आधी खरं तर शून्यावं कलम लिहायला हवं होतं. रानालगतच्या माणसाचं नुकसान त्याला परवडेल इतक्या लवकर आणि इतकं पूर्ण भरून द्या, गोठे पक्के करायला मदत करा, मगच त्याला वाघाच्या पोटातल्या जिवाणूंची गोष्ट सांगा. फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी मी आणि माझे दोन मित्र तात्यांसारख्यांच्या गोठ्यासाठी स्वस्त रात्रीचा अलार्म करतोय. पहिला नमुना तात्यांच्याच गोठ्यात लावणार आहोत. चालला तर पुढच्या अंकात लिहीन. नाही चालला तरी लिहीन.

(तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन)